पाठमोरी चित्रं

देवरे सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते चित्र फ्रेम करून घ्यायला, पण चित्र दाखवायची मात्र त्यांची तयारी नव्हती. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेला कॅनव्हास त्यांनी काउंटरवर पालथा ठेवला, त्यावर हात दाबून धरला आणि विचारलं, "तुमच्याकडे कोण कोण येतं?"

"गिऱ्हाईक येतं."

"चित्रकार?"

"तेही येतात. पण जास्त करून देवांचे फोटो, लग्नाचे फोटो आणि वारलेल्यांचे."

"वारलेल्यांची हरकत नाही," ते म्हणाले. "चित्र बघायचं नाही. नुसती फ्रेम करायची."

मी म्हणालो, "बघायचं नाही तर वरची बाजू कुठली ते मला कसं कळणार?" त्यांनी खिशातून खडू काढला, कॅनव्हासच्या पाठीवर एक बाण काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्या बाणाचीही नक्कल उतरवून घेईन.

आमचं घराणं मूळ मारवाडातलं. जळगावात आजोबा आले ते कापडाच्या धंद्यासाठी, काच आणि पट्टीच्या धंद्यात आम्ही पडलो ते वडिलांमुळे. फ्रेमचं काम पालथंच चालतं. चित्र काचेवर तोंड खाली करून ठेवायचं, पाठीला पुठ्ठा लावायचा आणि मग खिळे. त्यामुळे चित्रांपेक्षा चित्रांच्या पाठीच मी जास्त बघितल्यात. सरांची अट खरं तर माझ्या कामाला सोयीचीच होती. पण बघू नका म्हटल्यावर कोण बघणार नाही? ते कोपऱ्यावर वळले आणि मी चित्र उलटलं. केळीची बाग होती, मधून पाण्याचा पाट, लांबवर एक बैलगाडी. बरं होतं. कुठेतरी बघितल्यासारखं होतं, एवढंच.

दोन-चार दिवसांनी ते आले आणि फ्रेमकडे न बघता म्हणाले, "कोणाचं वाटतं?"

"सर, तुम्ही बघू नका म्हणाला होतात."

"बघितलं असणारच. कोणाचं वाटतं ते सांगा."

मी व्यापारी माणूस, छान आहे म्हणून मोकळा होणार होतो, पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं त्यामुळे खोटं बोलवेना. म्हणालो, "आमच्याकडे एका बियाणंवाल्यांचं कॅलेंडर येतं. त्यात असं एक पान असतं." मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मलाही तोच संशय होता." चित्र फ्रेममधून काढायला लावलं, परत गोणीत घातलं, आणि जाताना सांगितलं, "फ्रेम राहू द्या. त्याच मापाचं दुसरं आणतो."

ती फ्रेम माझ्या दुकानात वर्षानुवर्षं राहिली. त्यात किती चित्रं शिरली आणि बाहेर पडली त्याचा हिशोब नाही. प्रत्येकाच्या पाठीवर खडूचा बाण, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न. माझ्याकडून एखादं नाव, एखादी आठवण, एखादं साम्य निघालं की चित्र बाद. मी काहीच बोललो नाही तरी बाद, कारण मग मी काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटायचं.

आता सर नाहीत. त्यांच्या खोलीतली चित्रं अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणतात, "शेठ, तुम्ही सरळ करून टाका." मी दर वेळी उद्यावर ढकलतो.

सर जळगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे धुळे जिल्ह्यातले, साक्रीच्या पुढे पिंपळनेरच्या वाटेवरच्या एका खेड्यातले. अंगानं काटकुळे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि चष्मा नेहमी खिशात. डोळ्यांवर नव्हे, खिशात. रस्त्यानं चालताना ते मुद्दाम चष्मा काढून ठेवायचे. दुकानांचे फलक, रिक्षांच्या पाठीवरची चित्रं, पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे बॅनर, हे सगळं डोळ्यांत जायला नको म्हणून. "डोळ्यांतून गेलेलं हातातून बाहेर येतं शेठ," ते म्हणायचे, "आणि येताना कोणाचं ते सांगत नाही." एकदा असंच चालताना ते एका उभ्या म्हशीवर जाऊन आदळले आणि तिची माफी मागितली, ही गोष्ट त्यांच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना ठाऊक होती. मी खरीखोटी विचारली तर म्हणाले, "म्हैस होती हे मला नंतर कळलं."

त्यांना हवं होतं ते एकच. मरायच्या आधी एक चित्र असं काढायचं, की ज्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही. हे त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं होतं, दुकानाच्या पायरीवर बसून, कटिंग चहा थंड करत. नाव व्हावं, चित्रं विकली जावीत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. फक्त हात आपला आहे याची खात्री पाहिजे होती. आणि खात्री हा प्रकार त्या माणसाच्या स्वभावातच नव्हता. घराला कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघायचे आणि मग वहिनींना ओढायला लावायचे.

हात सुखानं चालायला लागला की ते थांबायचे. "सुखानं चाललाय म्हणजे कोणाच्या तरी मळलेल्या वाटेनं चाललाय." मग डाव्या हातानं काढून बघायचे. डोळे मिटून काढायचे. ब्रश टाकून केळीच्या सोपटानं, खोडाच्या सालीनं, काढायचे. एक वर्ष तर त्यांनी नुसत्या आडव्या रेघा मारल्या, कारण उभ्या रेघेत त्यांना त्यांच्या कॉलेजमधल्या सरांचा हात दिसायला लागला होता.

गंमत अशी, की जी शैली अजून सापडलीच नव्हती तिच्यावर पहारा मात्र कडक होता. त्यांच्या खोलीत जायचं तर मोबाइल दारात काढून द्यावा लागे. तो ते स्वयंपाकघरात नेऊन दादर ज्वारीच्या कोठीत ठेवत आणि वर झाकण लावत. फोटो काढायला नको, म्हणून. एकदा मी आत बसलेलो असताना कोठीतून माझ्या फोनची रिंग ऐकू यायला लागली. वहिनी पीठ करायला म्हणून दादर काढतच होत्या. त्यांनी फोन झटकून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ल्या, तुम्हना फोन. आते जात्यामा जाता जाता वाचना."

खोलीत गेल्यावर तरी काय दिसणार? सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून. मला मेल्याला इथेही पाठीच.

हा संशय घरभर कसा पसरला त्याचं एक उदाहरण सांगतो. माझ्या सुनेच्या मोबाइलमध्ये एक सोय होती. कुठल्याही चित्राचा फोटो काढला की तो फोन त्याच्यासारखी दुसरी चित्रं शोधून दाखवायचा. सरांनी हे माझ्याकडून ऐकलं आणि दोन दिवस विचार करून स्वतःच चित्र घेऊन आले. निळ्या आणि पिवळ्या पानांचं होतं, मला आवडलं होतं. सुनेनं फोटो काढला. फोननं क्षणभर विचार केला आणि एक परदेशी चित्र, दोन पडदे आणि एक बेडशीट पुढे केली. सर बेडशीटकडे बघत राहिले. मग निघून गेले. संध्याकाळी वहिनींचा फोन. घरातल्या पलंगावर तीच बेडशीट होती, त्यांच्या मुलीनं दिवाळीला दिलेली. त्यावर ते किती तरी दिवस झोपत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातून नक्षी हद्दपार झाली. बेडशीट गेली, पडदे गेले, कॅलेंडरवरचं चित्र कापून फक्त तारखा राहिल्या, फुलांची छाप असलेलं स्टीलचं ताटसुद्धा माळ्यावर गेलं. शेवटी त्यांची नजर वहिनींच्या साडीवर गेली. तेव्हा वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आते मी बी पांढरं पातळ नेसू का? लोकेस्ले काय सांगू?" साड्या तेवढ्या वाचल्या.

नशिराबादचा किस्सा याच्याही वरचा. तिथे हायवेवर एका टायरच्या दुकानाच्या फलकावर बैल काढलेला होता. त्या बैलाच्या मानेचा बाक आपला आहे, असा संशय कोणीतरी सरांच्या डोक्यात घातला. मला गाडी काढायला लावली. तिथे पोहोचल्यावर खिशातला चष्मा डोळ्यांवर आला आणि त्यांनी फलक काढणाऱ्या पेंटरला बोलावून घ्यायला लावलं. तो बिचारा हातातला रंग पुसत आला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "सर, तुमचं चित्र मी बघितलं कधी? तुम्ही तर कोणालाच दाखवत नाही म्हणतात." परत येताना सर बाहेर बघत बसले, अर्थात चष्म्याशिवाय. मग म्हणाले, "शेठ, न दाखवता चोरतात. किती पुढे गेलेत बघा."

खरं सांगायचं तर त्या काळात मलाही त्यांच्याबद्दल एक संशय होता. मला वाटायचं, या माणसाला चित्र सापडायला नकोच आहे. सापडलं तर तोंड भिंतीकडे करून ठेवायचं काय? शोधणं हीच त्यांची नोकरी होती, शाळेशिवायची दुसरी. हे मी त्यांना कधी बोललो नाही, पण गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचो, आणि ते त्यांच्यापर्यंत गेलं असणार.

ते निवृत्त झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. जळगावचं ऊन, कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेनं सावली धरून पडलेली. "या," एवढंच म्हणाले. मी गेलो. मोबाइल द्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या." मी मोबाइल हातात धरूनच आत गेलो.

चित्रं सरळ होती. सगळी, भिंतीला टेकून, तोंड माझ्याकडे करून.

गेरूचा तांबडा, चुन्याचा पांढरा आणि नीळ, एवढेच रंग. बैल, शेळ्या, घोडे. प्रत्येक जनावराचे पुढचे पाय पुढे एकत्र ओढलेले, मागचे मागे, आणि मधे पोट लांबवर ताणलेलं, जणू काहीतरी ओलांडताना ते जनावर तसंच थांबलंय. पोटाखाली कोरी जागा. खाली चौकोनी, वर गोलसर. तिथे रंगाचा एक ठिपकासुद्धा नाही. मी इतकी वर्षं काच पुसतोय, पण असं कधी माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. मला रडू आलं. का ते अजून कळत नाही. एका शेळीकडे बघून साठीचा माणूस रडतो का?

"ही जागा कसली?" मी विचारलं.

"माहीत नाही. हात तिथे आला की आपोआप बाजूला होतो." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण आवाज वेगळा होता. "कोणाचं वाटतं?"

"कोणाचंच वाटत नाही, सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून बघितलं. माझा चेहरा फसवतोय का, ते तपासत होते. मग खाली बसले आणि वहिनींना म्हणाले, "चहा ठेव." वहिनी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "आते त्यास्ना जीव भांडामा पडना, शेठ. मना बी पडना."

धुळ्याला एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. धुळ्यालाच का, तर जिल्हा आपला आणि जळगावातल्या चित्रकारांवर विश्वास नाही. मी साध्या सागाच्या पट्ट्या कापल्या, नक्षी नाही, पॉलिश नाही. सर रोज दुकानात येऊन स्टुलावर बसायचे आणि माझ्या हातांवर लक्ष ठेवायचे. मी एखादं चित्र जरा जास्त वेळ बघितलं की खाकरायचे. पण त्या दिवसांत मी त्यांना गुणगुणतानाही ऐकलं. चाल कोणाची होती ते मी विचारलं नाही, उगाच संशय नको.

मग ते आमंत्रण द्यायला म्हणून गावाकडे गेले. तिथे शेजारच्या गावात त्यांच्या लांबच्या नात्यातल्या एक अक्का राहतात. वय खूप, पण कान आणि जीभ शाबूत. नातीचं लग्न ठरलं होतं म्हणून सर त्यांनाही भेटायला गेले. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला.

"शेठ, फ्रेमा थांबवा. चोरी सापडली."

"कोणी चोरलं?"

"मी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन परत तिथे गेलो. एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, एवढा रस्ता मागे पडला. अक्काच्या घराचा ओटा आला तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

त्या भागात लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची रीत आहे. हत्ती, घोडे, पोपट काढायचे, नवरा-नवरीची नावं लिहायची. आणि अक्काच्या घरात असं, की ती भिंत घरातलं पुढचं लग्न येईपर्यंत पुसायची नाही. त्या घरात अक्काचा मुलगा बापू याच्या लग्नानंतर दुसरं लग्नच झालं नव्हतं. ओट्यावर छप्पर होतं म्हणून चित्र टिकलं होतं, फिकट पण दिसण्याजोगं. एक घोडा. पुढचे पाय पुढे ओढलेले, मागचे मागे, पोट ताणलेलं. आणि पोटाच्या बरोबर खाली भिंतीत दिव्याचा कोनाडा. खाली चौकोनी, वर गोल. दिव्याची काजळी घोड्याच्या पोटापर्यंत चढलेली होती.

मी कोनाड्याकडे बघत राहिलो. सरांच्या चित्रांतली कोरी जागा ती हीच होती.

"चैत्रामबाबांचा हात आहे," सर म्हणाले. चैत्राम हा त्या पंचक्रोशीतला भिंती रंगवणारा. कॉलेजात जायच्या आधी सुट्टीच्या दिवसांत सर त्याच्याबरोबर लग्नाच्या भिंती रंगवत हिंडले होते. चैत्राम केव्हाच वारला होता. "मी मागे उभा राहून बघितलं असणार. डोळ्यांतून गेलं. आणि इतक्या वर्षांनी हातातून आलं, माझं नाव घेऊन."

अक्का खाटेवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "चैत्रामनं काय शे यामा? चैत्रामनी नावे लिखात. घोडा तू काढा."

"अक्का, मला आठवत नाही."

"तुले नही आठवत, माले आठवस ना. तू माले इचारं, अक्का, आठे कोनाडा शे, घोडाना पाय कोठे काढू? मी सांगं, पाय सरकाव, मना दिवा सरकावू नको."

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं आता हा माणूस उडी मारेल. त्यांनी मला बाजूला ओढलं आणि म्हणाले, "म्हातारी माणसं समोरच्याला बरं वाटेल ते बोलतात. घरी लग्न आहे, आनंदात आहे ती." मग ते बापूकडे वळले. तो या सगळ्या प्रकारात नवरदेव होता, त्याला तरी आठवायला हवं. बापू म्हणाला, "सर, मी हळद लावून घरात कोंडलेलो. भिंत मी लग्न झाल्यावर बघितली."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी भांडलो. म्हणालो, "आठवत नाही म्हणूनच तुमचं असेल. बघून ठेवलेलं माणसाला आठवतं, स्वतः केलेलं विसरतो."

"तुम्ही फ्रेमा वाया जातील म्हणून बोलताय," ते म्हणाले.

मला राग आला. पण खरं सांगू का, त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्याही मनात आलं, की चैत्रामचाच असेल तर? अक्काचं वय पाहता तिनं दोन लग्नं एकात मिसळली असतील तर? एकदा माणसाच्या संगतीत राहिलं की त्याचा आजार आपल्यालाही लागतो. मी सकाळी उठून सागाच्या पट्ट्या परत भिंतीला टेकवून ठेवल्या.

हॉलवाल्यांना नाही म्हणून कळवलं. सरांच्या खोलीत चित्रं पुन्हा पाठमोरी झाली, मोबाइल पुन्हा कोठीत जायला लागले. ते दुकानात येईनासे झाले. वहिनींनी मला सांगितलं, की ते दिवसभर हात मांडीवर ठेवून बसतात आणि हाताकडे असे बघतात, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाली, लग्नाचे दिवस जवळ आले. अक्कांनी निरोप पाठवला, लग्नाची भिंत रंगवायची आहे, भाऊला सांगा. भाऊ म्हणजे सर. सरांनी नकार कळवला. अक्कांनी पुन्हा निरोप पाठवला. मग वहिनी म्हणाल्या, "नातनं लगीन शे. तुम्हना संशय घरमा ठेवा आनि जा." मी गाडी काढली. खरं तर मला ती जुनी भिंत अजून एकदा नीट बघायची होती, भिंगानं. भिंग मी खिशात घेतलं होतं.

भिंग कामाला आलं नाही. ओट्यावर पाऊल ठेवलं तर भिंत पांढरीशुभ्र. बापूनं लग्नासाठी म्हणून सिमेंटचा गिलावा करून वर चुना मारला होता. घोडा नाही, नावं नाहीत. कोनाडासुद्धा बुजवून सपाट केलेला. बापू अभिमानानं भिंतीवर हात फिरवून दाखवत होता, "एकदम प्लेन केली सर, तुम्हाला काढायला सोपं जावं म्हणून."

सर भिंतीजवळ गेले. ओल्या चुन्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि इकडून तिकडे सरकवत नेला, कोनाडा कुठे होता ते चाचपत. सापडला नाही. "आता साक्षीदारही गेला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मला वाटलं, ते आता गाडीत जाऊन बसतील. अक्का खाटेवरून म्हणाल्या, "कितला येळ हात फिरवशी? ऊन व्हयनं म्हंजे चुना पापुद्रा धरी. काढ."

आणि त्यांनी काढायला सुरुवात केली. गेरू कालवला, नीळ कालवली, चष्मा डोळ्यांवर चढवला. आधी घोड्याची मान, मग पाठ, मग शेपूट. मी पायरीवर बसून बघत होतो आणि पहिल्यांदाच त्यांनी खाकरून मला हटकलं नाही. घरात बायकांची ये-जा चालली होती, नवरी मुलगी मेंदीचे हात वर धरून दारात उभी राहिली. हात सुखानं चालला होता, आणि ते थांबले नाहीत. पाय काढायची वेळ आली. समोर भिंत सपाट होती, अडवायला काही नव्हतं. घोड्याला हवे तिथे पाय देता आले असते. हात खाली आला, आणि बाजूला झाला. पुढचे पाय पुढे, मागचे मागे. मधे कोरी जागा सोडून.

मला उठून ओरडावंसं वाटलं, की बघा सर, बघा. सरांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं. "मागच्या महिन्यात बघून गेलो होतो ना," ते म्हणाले. "त्यामुळे आलं असेल." पण ते बोलताना ब्रश थांबला नव्हता.

चित्र झालं. खाली त्यांनी नवरा-नवरीची नावं लिहिली. मग मागे सरकत सरकत ओट्याच्या खाली उतरले, अंगणात गेले, आणि तिथून अक्कांना विचारलं. मला नाही, अक्कांना.

"अक्का, कोणाचं वाटतं?"

अक्कांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग सरांकडे.

"कोनं म्हंजे? आम्हनं शे."

मग त्या खाटेवरून उठल्या, भिंतीला हात लावत लावत घोड्यापर्यंत आल्या आणि पोटाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "बापूनी कोनाडा बुजाडी टाका, पन मना दिवानी जागा तू सोडी बरं." त्यांनी बापूला आतून लाकडी फळीचा एक तुकडा आणायला लावला. खिळे माझ्या खिशात होते, ते नेहमी असतातच. ओल्या चित्रात खिळा ठोकताना मी सरांकडे वळून बघितलं. वाटलं ओरडतील. ते फळी सरळ आहे का ते बघत होते.

सर लग्नापर्यंत तिथेच राहणार होते. मला दुकान होतं, मी एकटाच निघालो. गाडी वळवताना मागे बघितलं. अक्का फळीवर तेलाचा दिवा ठेवून वात सरळ करत होत्या. सर अंगणात उभे होते, चष्मा डोळ्यांवर, डोळे बारीक करून घोड्याकडे बघत, अजूनही संशयानंच. सवयीनं त्यांचे दोन्ही हात पुढे आले, कॅनव्हास उचलून उलटा ठेवायला यायचे तसे. मग ही भिंत आहे, उलटता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हात शर्टाला पुसले आणि गळ्याचं बटण काढलं.